सहावा दिवा

उमरगा,
सोमवार, ता. ८ जानेवारी १९४५

चि. चन्नबसप्पा यास शिवकांता अक्काचे अनेक आशीर्वाद.

कार्ड पोचलं. संक्रांतीला येता येत नाही हे वाचून वाईट वाटलं. पण कारखान्यात लष्कराच्या गाड्या येऊन पडल्यात म्हणतोस, तर इलाज नाही. तिळाचे लाडू कुणाबरोबर तरी धाडीन. सगळे तूच खा, कारखान्यात वाटत बसू नकोस.

आजचं पत्र लांब होणार आहे. बसून वाच.

तुझे दाजी गेले त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. त्यांच्या मागं माझ्या हातात राहिली ती ही सात माणसांची जुनी मोटार. वीरप्पा भावजी तेव्हाच विकू म्हणाले होते. दाजींचे थोरले भाऊ, त्यांचा शब्द मोडणं मला जड गेलं, पण मी नको म्हटलं. अकरा वर्षं दाजींबरोबर गाडीवर असलेला गुंडाप्पा दारात उभा होता. तो म्हणाला, "बाई, म्या चालवतो. तुमी फकस्त हो म्हना." मी हो म्हटलं, आणि आजवर चाललं.

आता अडलं आहे. दिवाळीपासून मोटार मंगळवारी सकाळी सुरू होत नाही. बुधवारी लागते, शनिवारी लागते, रविवारी तर हँडलला हात लावला की लागते. मंगळवारीच नाही. आणि मंगळवारीच तुळजापूरला देवीला जाणारी भाड्याची माणसं असतात. ओटीचं सामान मांडीवर घेऊन बायका मोटारीत बसलेल्या, पोरं रडतायत, गुंडाप्पा हँडल मारून घामाघूम. शेवटी बाजारातली आठ-दहा माणसं बोलावून उतारावर ढकलतात. एकदा सुरू झाली की तुळजापूरला जाऊन परत येते, वाटेत एकदा खोकत नाही.

सोमवारी मोटार उभीच असते हे तुला ठाऊक आहे. सोमवारी आपल्यात बैलाला जू लावत नाहीत, मग मोटारीलाच का, असं दाजी म्हणायचे. सोमवारी तिला धुवायची, पुढं विभूती लावायची, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी करायची. तो नेम मी मोडलेला नाही.

भावजींनी यातून वेगळंच काढलं. पेठेत एकाकडे बॅटरीवरचा रेडिओ आला आहे. लढाईच्या बातम्या ऐकायला सोमवारी संध्याकाळी तिथं माणसं जमतात. भावजी म्हणतात, गुंडाप्पा आपल्या मोटारीची बॅटरी काढून तिकडं देतो आणि पहाटे आणून बसवतो. बघितलं कुणी नाही. पण चार माणसांत बोलून झालं आहे. आणखी दोन-तीन मंगळवार बघायचं, मग त्याच्या हातातून किल्ली काढून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे.

माझा विश्वास बसत नाही. पण नुसतं तसं म्हणून भागत नाही, भावजींना कारण दाखवावं लागेल. तू बॅटऱ्यांचं काम शिकलास. इतक्या दुरून सांगता येईल का? तू सांगशील ते मी करीन. डोकं तुझं, हात माझे.

राकेल अजून रेशनच्या कार्डावरच मिळतं. घरात एक चिमणी जळते, तीही चुलीपाशी. तुझ्याकडे विजेचा दिवा आहे, त्याच्या उजेडात जेवताना अक्काची आठवण काढ.

तुझी अक्का,
शिवकांता


सोलापूर,
शुक्रवार, ता. १२ जानेवारी १९४५

ती. शिवकांता अक्कांना चन्नबसप्पाचे शरणार्थ.

तुमचं पत्र मी कारखान्यात मोठ्यानं वाचलं. आमचे मेस्त्री हणमंतप्पा म्हणाले, "इतकी वर्सं बॅटऱ्या उघडतोय, पन मंगळवारीच मरनारी बगितली न्हाय. उपास धरती का काय?" सगळे हसले. मग मेस्त्रीच म्हणाले, "हसू नका. ज्या दुखन्याला वार हाय, ते दुखनं सापडतंय."

अक्का, आपल्या माहेरच्या मळ्यातली मोट आठवा. मोटेचं पाणी हौदात पडतं, हौदातून पाटानं उसाला जातं. मोटारीत डायनामो ही मोट आहे. इंजिन फिरलं की ती चालते. बॅटरी हा हौद. दिवे, भोंगा, इंजिनातली ठिणगी हे सगळे पाट. सकाळी हौद कोरडा सापडला तर तीनच गोष्टी असू शकतात. एक, मोट पाणी काढत नाही. दोन, हौदच फुटका आहे. तीन, कुणीतरी चोरून पाणी घेतंय. आपण एकेक बघू.

आधी स्वच्छता. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल. ऊन पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, वायरी घट्ट आवळून घ्या, वरून व्हॅसलीन लावा. बांगड्या काढून ठेवा. लोखंडी पाना दोन्ही खुंट्यांना एकदम लागू देऊ नका, ठिणगी उडेल. आत तेजाब आहे. लुगड्यावर पडलं तर भोक, डोळ्यात गेलं तर डोळा.

मग पाणी. विहिरीचं अजिबात घालू नका. पातेल्यात पाणी उकळा, वरच्या झाकणाला जी वाफ धरते ती काचेच्या भांड्यात गोळा करा, आणि तेच घाला. आतले पत्रे बुडून वर बोटभर राहील इतकंच.

मोट बघायची तर गुंडाप्पाला गाडी सुरू करायला सांगा आणि समोरच्या फळीवरच्या लहान काट्याकडे बघा. इंजिन जोरात फिरवलं की तो अधिकाकडे गेला पाहिजे. इंजिन बंद केलं की मधोमध. बंद असताना उण्याकडे झुकला तर डायनामोजवळची लोखंडी डबी चिकटली असं समजा. मग मोट उलटी फिरून हौदातलंच पाणी विहिरीत ओतते. डायनामोचा पट्टा बोटानं दाबून बघा, ढिला नको.

तिकडं फेरीला येणाऱ्या बांगडीवाल्याबरोबर एक काचेची नळी धाडतो. तिला वर रबरी फुगा आहे. फुगा दाबून टोक बॅटरीच्या भोकात घालायचं, सोडलं की पाणी नळीत चढतं आणि आतलं काचेचं खेळणं तरंगतं. त्यावर मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. हिरवी पाण्याला टेकली तर हौद भरलेला, पांढरी तर निम्मा, लाल तर कोरडा. बॅटरीत तीन घरं आहेत, प्रत्येकाला एक भोक; तिन्ही भोकांत वेगवेगळं बघा. एकच लाल आणि दोन हिरवी आली तर बॅटरीचं एक घर मेलं. तिन्ही सारखीच खाली आली तर बॅटरी ठीक आहे, पाणी कुणीतरी घेतलं.

रेडिओचं खरं-खोटं करायला साधा उपाय. सोमवारी दुपारी दोन्ही खुंट्यांच्या बोल्टांना मिळून एक काळा दोरा गुंडाळा. गाठ तुम्हालाच ओळखू येईल अशी. कुणाला सांगू नका. बॅटरी काढली तर दोरा तुटणारच.

लाडू आले. वाटले नाहीत. मेस्त्रींनी हिसकावून दोन घेतले, तो माझा दोष नाही.

आपला,
चन्नबसप्पा


उमरगा,
सोमवार, ता. २२ जानेवारी १९४५

चि. चन्नबसप्पास आशीर्वाद.

तुझी नळी पोचली, पण निजामाच्या हद्दीवर, तामलवाडीच्या जकातनाक्यावर अडून पोचली. करोडगिरीच्या शिपायानं पेटीतून काढली आणि विचारलं, "यह किस जानवर को पिलाने की है?" बांगडीवाल्याला त्या वस्तूचं नाव सांगता येईना. तो म्हणाला, "हुजूर, मोटारीला सर्दी झाली आहे." शिपाई हसला आणि सोडलं. मी बांगडीवाल्याला जेवू घातलं.

आता एकेक लिहिते.

खुंट्यांवर बुरशी होती, अगदी शेवाळासारखी. धुतली. गुंडाप्पा बाजूला उभा राहून म्हणत होता, "बाई, हे बाईमानसाचं काम न्हवं." मी म्हटलं, "मग तू चुलीपाशी जा, भाकरी थाप." त्यानंतर त्यानं पाना मुकाट्यानं हातात दिला. वाफेचं पाणी गोळा करायला दोन दिवस लागले, भाजीच्या वाटीएवढं जमलं. भावजींनी विचारलं, औषध आहे का. मी म्हटलं हो.

ते सगळं पंधराला केलं, आणि सोळाच्या मंगळवारी मोटार पुन्हा लागली नाही. तेव्हा बुरशी नव्हे.

पट्टा ताठ आहे. इंजिन फिरवलं की काटा अधिकाकडे जातो, बंद केलं की मधोमध उभा राहतो. बंद झाल्यावर मी डायनामोला हात लावून बसले. गरम होता तो निवत गेला. तेव्हा मोट नव्हे.

काल रविवारी संध्याकाळी नळीनं पाहिलं. तिन्ही घरं हिरवी. मला इतका आनंद झाला की मीच गुंडाप्पाला गूळ दिला. आज दुपारी एक वायर सोडून खुंटीला नुसती टेकवून पाहिली. तुझ्या जुन्या वहीत तसं लिहिलेलं सापडलं, कुठून पाणी जात असेल तर ठिणगी दिसते म्हणून. काही दिसली नाही. वायर पुन्हा आवळली आणि दोरा बांधला. गाठ आईच्या पद्धतीची, उलटी.

गुंडाप्पाला मी सरळ विचारलं. "सोमवारी बॅटरी कुठं जाते का?" तो माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघत म्हणाला, "न्हाय बाई." मी म्हटलं, "मग कशानं आटते?" तो अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. खरं सांगू? तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा शंका आली. ज्याच्या मनात काही नाही तो डोळे कशाला चुकवील?

तुझी वही मी जपून ठेवली आहे. तू शाळेत असताना माझ्याकडे राहायचास, ओसरीवर ओरडून बाराखडी म्हणायचास, आणि आत भाकरी थापता थापता मी ती पिठात गिरवायची. ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. दाजींनाही मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं. एवढा मोठा संसार झाला आणि एवढी एक गोष्ट बोलायची राहिली.

पत्र फार लांबलं. पण तू प्रश्नच इतके विचारतोस.

तुझी,
अक्का


उमरगा,
बुधवार, ता. २४ जानेवारी १९४५

चि. चन्नबसप्पास आशीर्वाद.

घाईत लिहिते. काल सकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन दोरा बघायचं ठरवलं होतं. पूजेला वेळ लागला. बाहेर आले तर अंगणात माणसं जमलेली, मोटार मुकी, आणि भावजी गुंडाप्पापुढं हात पसरून उभे. सगळ्यांसमोर त्यांनी किल्ली मागितली. गुंडाप्पानं ती टोपीत ठेवून टोपीसकट पुढं केली. दाजींनी दिलेली टोपी.

मी एवढंच म्हणू शकले की मला बॅटरी बघू द्या. झाकण उघडलं. दोरा जसाच्या तसा. गाठ माझीच. नळी घातली, तर तिन्ही घरं लाल, एका रेषेत लाल.

भावजींना दोरा दाखवला. ते म्हणाले, "दोऱ्यानं काय होतं, नवा बांधला असेल." उलटी गाठ त्यांना काय कळणार.

गुंडाप्पा तामलवाडीला आपल्या घरी गेला. जाताना मला म्हणाला, "बाई, बॅटरी जुनी झाली. दुसरं काय न्हाय. मनाला लावून घिऊ नका." त्यानंच माझी समजूत काढली, चन्नबसप्पा.

तुला तामलवाडी जवळ आहे. जाऊन येशील का?

अक्का


सोलापूर,
सोमवार, ता. २९ जानेवारी १९४५

ती. अक्कांना शरणार्थ.

काल रविवारी सायकलवर तामलवाडीला जाऊन आलो. गुंडाप्पा शेतात हुरडा भाजत होता. मला बघून उठला, गोवऱ्यांच्या आगटीजवळ बसवलं, हातावर चोळून चोळून इतका हुरडा खाऊ घातला की परत येताना सायकल चालवणं कठीण झालं. पिकाचं बोलला, पावसाचं बोलला, दाजींनी एकदा अणदूरजवळ फुटलेलं चाक चारा भरून कसं चालवलं तेही सांगितलं. बॅटरीचं काढलं की लगेच हुरडा पुढं करी.

शेवटी मी म्हटलं, "गुंडाप्पा, तू घेतली नाहीस हे अक्कांना कळलंय. मग आटते कशानं ते तरी सांग."

तो कणसं उलटीपालटी करत राहिला. मग म्हणाला, "ते इचारू नका. माजी नोकरी गेली तर गेली, दुसरी घावल. त्यात बाईला तरास व्हायला नगं."

अक्का, मी रस्ताभर त्याच वाक्याचा विचार करत आलो. बॅटरी त्यानं दिली नाही. मोट चालते. घरं तिन्ही जिवंत आहेत, एका रेषेत खाली येतात. तेव्हा पाणी कुणीतरी घेतंय, आणि सोमवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ एवढ्यातच घेतंय. तुम्ही दुपारी वायर टेकवून पाहिलीत तेव्हा तो पाट बंद होता, म्हणून ठिणगी दिसली नाही.

आता एकच काम. मोटारीवर जेवढे दिवे आहेत ते मोजा. कुठं आहे, कुठल्या खटक्यानं लागतो, ते प्रत्येकापुढं लिहा. एकही सोडू नका.

आणखी एक विचारतो, रागावू नका. राकेल मिळत नाही म्हणता, तरी तुमच्या ओळी रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या सरळ येतात. फक्त बुधवारचं पत्र वेडंवाकडं होतं. तुम्ही लिहायला कुठं बसता?

चन्नबसप्पा


उमरगा,
सोमवार, ता. ५ फेब्रुवारी १९४५

चि. चन्नबसप्पास आशीर्वाद.

दिवे मोजले. पुढं मोठे दोन. चाकांवरच्या पंखांवर लहान दोन. मागं तांबडा एक. मिळून पाच. सगळे समोरच्या फळीवरच्या एकाच खटक्यानं लागतात, आणि तो खटका बंदच असतो. मी स्वतः पाहते.

गुंडाप्पा गेल्यापासून मोटार जागची हललेली नाही. मागच्या सोमवारी पेठेतल्या गॅरेजमधून बॅटरी भरून आणून बसवली होती, तिन्ही घरं हिरवी होती. मंगळवारी सकाळी पुन्हा लाल. म्हणजे गुंडाप्पा नसतानाही तेच. मी भावजींना म्हटलं, आता तरी त्याला बोलवा. ते म्हणाले, "त्यानंच बिघडवून ठेवली असेल. आता मोटारच काढून टाकू." लातूरचं एक गिऱ्हाईक शिवरात्रीनंतर बघायला येणार आहे.

मोटार गेली तर गुंडाप्पाला बोलवायला कारणच राहणार नाही. मी त्याला चोर म्हटलं नाही, पण नाही असंही चार माणसांत म्हटलं नाही. ते मला रोज टोचतं.

तू विचारलंस मी कुठं बसून लिहिते. जिथं बसायला मिळतं तिथं बसते. घरात माणसं आहेत, कामं आहेत.

इकडं आंब्याला मोहोर चांगला आहे. तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे.

अक्का


सोलापूर,
शुक्रवार, ता. ९ फेब्रुवारी १९४५

ती. अक्कांना साष्टांग शरणार्थ.

तुम्ही पाच लिहिले. दिवे सहा आहेत.

सहावा मला माहीत आहे, कारण तो मीच बसवला. छताला, डाव्या हाताच्या मागच्या सीटवर. त्याचा खटका समोरच्या फळीवर नाही, दाराच्या खांबावर आहे, आणि त्याची वायर मी सरळ बॅटरीवरून घेतली आहे. किल्ली नसतानाही तो लागतो. तेव्हा पहिला दोष माझा.

तो का बसवला ते सांगू नकोस असं दाजींनी मला बजावलं होतं. पण आता सांगतो. ते असते तर त्यांनीही आता सांगूनच टाकलं असतं.

तीन वर्षांपूर्वी मी दिवाळीला आलो होतो. तुम्ही कडबोळी तळत होता. दाजींनी मला शेडमध्ये नेलं आणि म्हणाले, "इथं एक दिवा पाहिजे. उजेड खांद्यामागून मांडीवर पडला पाहिजे." मी म्हटलं, "दाजी, प्रवाशांना मांडीवर काय बघायचंय?"

ते हसले. म्हणाले, "प्रवाशांना नव्हे रे. तुझी अक्का सोमवारी मोटार पुसते म्हणून आत जाते आणि पदराखालून पुस्तक काढते. तिला वाटतं मला ठाऊक नाही. उजेड गेला की पुस्तक काचेला टेकवून वाचत बसते. डोळे जातील तिचे. आणि हे बघ, मी बघितलंय असं तिच्याजवळ बोलू नकोस. लाजून सोडून देईल."

मी विचारलं, मग किल्लीवरून का नको? तर म्हणाले, "किल्ली माझ्या खिशात असते. तिला प्रत्येक वेळी मागावी लागली तर ती वाचेल का?"

अक्का, त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. तुमची बोलायची राहिलेली गोष्ट राहिलेली नव्हती.

आता बॅटरीचं. तेव्हा ती नवी होती, तास-दीड तासाच्या दिव्यानं तिला काही होत नव्हतं. आता तिच्या तळाशी गाळ बसलाय. लढाई संपेपर्यंत नवी मिळायची नाही. तरीही तासाभरानं ती आटणार नाही. सबंध रात्रभर दिवा राहिला तर आटेल. तो का राहतो ते मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

एक मात्र हसू येण्यासारखं आहे. मी दर पत्रात दहा प्रश्न विचारायचो. तुम्ही त्याच दिव्याखाली बसून त्यांची उत्तरं लिहायचात. हौद का आटतो हे शोधायला आपण दोघं हौदावरच बसून पाणी पीत होतो.

वाचणं सोडू नका. दाजींनी मला काम सांगितलं आणि मजुरी म्हणून पाठीवर थाप दिली. ते काम फुकट जाऊ देऊ नका.

आपला,
चन्नबसप्पा


उमरगा,
बुधवार, ता. २१ फेब्रुवारी १९४५, दुपारी

चि. चन्नबसप्पास अक्काचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शिवरात्रीचा उपास सोडायच्या दिवशी मिळालं. पोस्टमननं ओसरीवर दिलं आणि मी ते तिथंच उभ्यानं वाचलं. मग शेडमध्ये गेले, डाव्या हाताच्या मागच्या सीटवर बसले, आणि मान वर करून तो दिवा पाहिला. मला आजवर वाटत होतं तो चुकून तिथं बसवला आहे. इतक्या वर्षांत मी असा विचार केला नाही की उजेड नेमका माझ्या पानावर कसा पडतो.

तू विचारलं नाहीस, तरी मी सांगते. वाचून झाल्यावर दिवा मी बंद करत नव्हते. दाजी होते तोवर करत होते. ते गेल्यावर पहिल्या सोमवारी आत गेले, विभूती लावली, दिवा लावला. सोमवारी नंदीपुढं लावलेला दिवा आपण हातानं विझवत नाही, तेल संपलं की तो आपणच शांत होतो. मला तसंच वाटलं. त्यांच्या मोटारीतला दिवा मी माझ्या हातानं कसा विझवू? त्याचं तेल त्या काळ्या पेटीत आहे, आणि तेच तेल सकाळी इंजिनाला लागतं, हे मला कोण सांगणार होतं? दिवाळीपर्यंत तर त्या पेटीनं ते सोसलंही.

पण एक मी लपवलं. तीस तारखेच्या सकाळी, गुंडाप्पा गेल्यावर, मीच आधी शेडमध्ये गेले. दिव्यातली तार विस्तवासारखी लालसर दिसत होती, मरत होती. खटका चालूच होता. तेव्हा लक्षात आलं की आजवर दर मंगळवारी सकाळी तो कुणीतरी बंद करत होतं. कोण, ते समजायला वेळ लागला नाही. तरी तुला पत्र लिहिताना मी पाचच मोजले, आणि सहाव्याखाली बसून मोजले. सांगितलं तर तो दिवाही जाईल असं वाटलं. त्या भीतीपायी एका सज्जन माणसाची अब्रू मी पंधरा दिवस टांगून ठेवली.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी सरकारी मोटारीनं तामलवाडीला गेले. एकटी. भावजींना एवढंच सांगितलं की जाऊन येते. गुंडाप्पाची बायको अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. तिचं बरोबर होतं.

मी गुंडाप्पाला म्हटलं, "खटका तू बंद करत होतास."

"व्हय बाई."

"मला का बोलला नाहीस?"

"मालकानं सांगितलं व्हतं. सोमवारी त्या दिव्याकडं बघायचं न्हाय, आन् बगितला तर बगितला म्हनायचं न्हाय. मालक गेले म्हून काय झालं?"

"आणि चोर म्हणाले ते?"

तो म्हणाला, "तुमी आत बसून रडत असाल असं मला वाटलं. ते कसं सांगू चार मानसांत? मोटार ढकलाय मानसं मिळत्यात."

मी म्हटलं, "रडत नव्हते. वाचत होते."

त्याची बायको सुपामागून म्हणाली, "बघा! मी म्हनत नव्हते? ह्यो म्हंजे नुसता दगड. इचारायचं तर तोंडानं इचारावं."

मी तिच्यासमोर त्याची माफी मागितली. तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग बायकोनं त्याला टोपी नेऊन दिली. मी ती पिशवीत घालून नेली होती.

उमरग्याला आल्यावर भावजींना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. पेठेतली दोन माणसं बसली होती, त्यांच्यादेखत सांगितलं, कारण गुंडाप्पाचं नाव घेतलं तेही चार माणसांतच घेतलं होतं. भावजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे बॅटरी तू प्यालीस?"

मी म्हटलं, "हो. पुस्तकाबरोबर."

त्यांना हसावं की रागवावं कळेना. थोड्या वेळानं म्हणाले, "काय वाचतेस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग इथं ओसरीवर दिवसा वाच की. शेडमध्ये डास असतात." लातूरच्या गिऱ्हाइकाला त्यांनीच कार्ड टाकलं. किल्ली मात्र गुंडाप्पाच्या हातात मी दिली.

हे पत्र ओसरीवर बसून लिहिते आहे. ऊन आहे. भावजी दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा विचारलं, "त्याला माझं काही लिहिलंस का?" लिहिलं म्हटलं.

परवा सोमवार होता. गुंडाप्पानं बॅटरी भरून आणून बसवली, मोटार धुतली, मी विभूती लावली. संध्याकाळी आत जाऊन बसले, दिवा लावला आणि वाचलं. तुझ्या हिशोबानं तासभर. मग पुस्तक मिटलं आणि खटक्यावर बोट ठेवलं. बराच वेळ नुसतं ठेवलं. नंदीपुढचा दिवा मी कधी विझवला नाही, तेव्हा विझवताना काय म्हणायचं असतं तेही मला ठाऊक नाही. म्हणून एवढंच म्हटलं, "उद्या तुळजापूरला जायचंय."

मंगळवारी गुंडाप्पानं हँडल एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवावं लागलं नाही.

चटणी बांगडीवाल्याबरोबर धाडते. नळी परत मागू नकोस. नाक्यावर तिची ओळख झाली आहे, पण मला तिची सवय झाली.

तुझी अक्का,
शिवकांता